घराचा नकाशा काढताना: सोलापुरातल्या नवख्या ड्राफ्ट्समनसाठी

इंजिनीअरच्या ऑफिसात रुजू झालात की काही दिवसांतच टेबलावर एक चिठ्ठी येते. ‘जुळे सोलापूर, तीस बाय चाळीस, पूर्वमुखी. खाली हॉल, किचन, दोन बेडरूम. वर तसंच, भाड्याने द्यायला.’ आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेलं पोरगं लगेच ऑटोकॅड उघडतं आणि हॉल काढायला घेतं. हॉलला लागून किचन, किचनला लागून बेडरूम. सगळं छान जमतं आणि शेवटी जिना राहतो. मग तो कुठेतरी कोपऱ्यात कोंबला जातो, पायऱ्या उभ्या होतात, आणि साहेब नकाशा परत पाठवतात.

घराचा नकाशा खोल्यांपासून सुरू होत नाही. तो कागदपत्रांपासून आणि रस्त्यापासून सुरू होतो. सगळं सोडून जे उरतं त्यात आधी जिना, मग पाण्याच्या जागा, आणि सर्वांत शेवटी खोल्या. पुढची क्रमवारी त्याच हिशोबाने लावली आहे.

दोन पुस्तकं जवळ ठेवा. एक, महाराष्ट्राची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. ऑफिसात सगळे तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. ती डिसेंबर २०२० पासून लागू आहे आणि सोलापूर महापालिकेचं क्षेत्र तिच्यात येतं. दुसरं, राष्ट्रीय बांधकाम संहिता, २०१६ ची. परवानगी नियमावलीवर मिळते, त्यामुळे दोन्हींत आकडा वेगळा दिसला तर नियमावलीचा धरायचा. खाली मी खोल्यांचे आणि जिन्याचे जे आकडे देतोय ते संहितेचे आहेत. त्यांवर हात बसवा आणि प्रत्येक कामात नियमावलीच्या प्रकरण ९ शी ताडून घ्या.

आणखी एक. नकाशा तुम्ही काढलात तरी सही आर्किटेक्टची किंवा परवानाधारक इंजिनीअरची असते. ‘माझ्या भावाचा प्लॅन तूच मंजूर करून दे’ म्हणणारे पाव्हणे भेटतीलच. त्यांना सरळ साहेबांकडे पाठवा.

१. आधी कागद

कागद हातात आल्याशिवाय रेघ ओढू नका. मालकाकडून हे मागून घ्या:

- मालमत्ता पत्रक किंवा सातबारा उतारा, ताजा
- मोजणीचा नकाशा, म्हणजे ‘क’ प्रत
- मंजूर रेखांकनाची प्रत आणि बिनशेती आदेश
- खरेदीखत
- गुंठेवारीतली जागा असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र
- झोन दाखला किंवा विकास आराखड्याचा भाग-नकाशा
- मिळकतकराची पावती

यातले पहिले चार एकमेकांशेजारी ठेवून क्षेत्रफळ जुळतंय का ते बघा. खरेदीखतात बाराशे चौरस फूट, उताऱ्यावर १०८ चौ.मी. आणि रेखांकनात तिसरंच काही, असं हमखास सापडतं. बाराशे चौरस फूट म्हणजे १११.४८ चौ.मी. कागदांत तफावत असली की साधारणपणे सर्वांत कमी आकडा धरून नकाशा करतात. पण ते ठरवायचं काम साहेबांचं. तुमचं काम तफावत शोधून त्यांच्यापुढे ठेवायचं.

गुंठेवारीच्या भागात जास्त सावध राहा. तिथे माणूस ‘दीड गुंठा’ म्हणतो. एक गुंठा १०१.१७ चौ.मी. असतो, पण त्या दीड गुंठ्यात पुढचा रस्ता धरलाय की सोडलाय हे कोणीच आपणहून सांगत नाही.

२. मग टेप

लेसर मीटर, तीस मीटरची टेप, होकायंत्र (मोबाइलचं चालतं, फक्त लोखंडी गेटापासून लांब उभं राहून बघा), वही, आणि मापं धरायला एक माणूस. एवढं पुरतं.

चारही बाजू मोजा, आणि दोन्ही कर्णही मोजा. कर्ण मोजायचा सगळ्यांना कंटाळा येतो, पण जागा काटकोनात आहे की नाही हे त्याच्याशिवाय कळत नाही. तीस बाय चाळीसच्या जागेत तर हिशोब तोंडावर असतो: कर्ण बरोबर पन्नास फूट यायला हवा. एक एकोणपन्नास आणि दुसरा एक्कावन्न आला, तर तो काटकोन चौकोन नाही. ऑफिसात बसून काटकोनात काढलेलं घर तिथे एका कोपऱ्यात शेजाऱ्याच्या हद्दीत जाईल.

रस्त्याची रुंदी स्वतः मोजा आणि मंजूर रेखांकनातल्या रुंदीशी ताडा. विजेचे खांब, चेंबर, नाला, शेजारच्या घराच्या खिडक्या, रस्त्याची पातळी, मोठं झाड, सगळं वहीत टिपा. वरून जाणारी विजेची तार विसरू नका. पहिल्या मजल्याची गॅलरी तिच्या किती जवळ येते हा प्रश्न पुढे येतोच.

३. जागा कुठे आहे ते ओळखा

सोलापुरात हा प्रश्न दोन शब्दांत विचारतात: गावठाण का हद्दवाढ? साखर पेठ, भवानी पेठ, शुक्रवार पेठ अशा जुन्या दाट वस्तीत सामासिक अंतरांचे, म्हणजे घराभोवती सोडायच्या मोकळ्या जागेचे, नियम वेगळे आणि तुलनेने सैल आहेत. १९९२ च्या हद्दवाढीनंतर शहरात आलेल्या भागांत, म्हणजे जुळे सोलापूर, शेळगी, बाळे वगैरे, मोकळ्या क्षेत्राचे नियम लागतात. पेठेतल्या घराची जुनी फाइल कॉपी करून जुळे सोलापूरच्या प्लॉटवर बसवणं हा नवख्यांचा आवडता उद्योग आहे. करू नका.

दोन जागी जास्तीचं ना-हरकत लागतं. भुईकोट किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये वेगळी परवानगी घ्यावी लागते. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या परिसरात उंचीवर बंधन आहे. जिन्याची टोपी आणि वरची टाकीसुद्धा त्या उंचीत मोजली जाते.

पूर्व भागात मालक मध्येच म्हणतो, ‘खाली दोन लूम टाकायचे आहेत.’ हे पहिल्या भेटीतच विचारून घ्या. राहत्या घराचा नकाशा आणि यंत्रमाग बसणाऱ्या घराचा नकाशा कागदावरही वेगळा असतो आणि पायातही.

४. सोडायचं ते सोडा, उरलेला चौकोन बघा

नियमावलीचं प्रकरण ६ उघडा. रस्त्याची रुंदी, प्लॉटचं क्षेत्रफळ आणि इमारतीची उंची यांवरून पुढचं, मागचं आणि बाजूचं अंतर मिळतं. आपल्या चिठ्ठीतल्या प्लॉटवर समजा पुढे ३ मी. आणि बाकी तिन्ही बाजूंना १.५ मी. सोडायचं ठरलं. (हे ‘समजा’ आहे. तुमच्या जागेचा आकडा तक्त्यातून काढा.)

प्लॉट ९.१४ × १२.१९ मी.
रुंदी उरली: ९.१४ − ३.०० = ६.१४ मी.
लांबी उरली: १२.१९ − ४.५० = ७.६९ मी.

म्हणजे ४७.२२ चौ.मी. मालकाच्या डोक्यात बाराशे फूट असतात. तुमच्या हातात साधारण पाचशे आठ उरले.

त्यातूनही भिंती जायच्यात. बाहेरची भिंत नऊ इंची, म्हणजे २३० मि.मी. धरली तर आतून माप उरतं ५.६८ × ७.२३, म्हणजे ४१.०७ चौ.मी. नुसत्या बाहेरच्या भिंतींनी सहा चौरस मीटरहून जास्त खाल्ले. एका लहान स्वयंपाकघराएवढी जागा. म्हणून एका रेघेने खोल्या मांडायची सवय पहिल्या दिवसापासून मोडा. स्केच असलं तरी भिंत दोन रेघांची काढा.

एफएसआयचा, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं त्या निर्देशांकाचा, हिशोबही इथेच करून ठेवा. महापालिका क्षेत्रात मूळ निर्देशांक १.१० आहे, म्हणजे आपल्या प्लॉटला १२२.६३ चौ.मी. मोजायचं ते ‘पी-लाइन’ने, म्हणजे त्या मजल्याची सगळ्यांत बाहेरची रेघ. गॅलरी, जिना, भिंती सगळं आत. २०२० पूर्वीच्या नियमांत गॅलरी आणि जिना ठरावीक अटींवर वगळता यायचे. आता ते वगळत नाहीत, त्याऐवजी निवासी बांधकामाला अधिमूल्य भरून ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र घेता येतं. ऑफिसातल्या जुन्या फाइलींमध्ये ‘बाल्कनी वजा’ असा रकाना दिसला की समजा ती फाइल आता नमुना म्हणून उपयोगाची नाही.

५. जिना

खोल्या काढायच्या आधी जिना बसवा. यावर मी थोडा वेळ घेणार आहे, कारण परत येणाऱ्या नकाशांत घोळ बहुतेक इथेच असतो.

राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मी. हवी. वर स्लॅब आणि फरशी धरली की मजल्याची उंची साधारण ३ मीटर येते. पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मि.मी. आणि पाय ठेवायची रुंदी किमान २५० मि.मी. आता भागाकार करा: ३००० भागिले १९० म्हणजे पंधरा पूर्णांक काहीतरी, म्हणून सोळा उंच्या घ्यायच्या. प्रत्येक १८७.५ मि.मी. अर्ध्यात वळणारा जिना घेतला तर आठ आणि आठ. आठ उंच्यांना पायऱ्या सातच लागतात, कारण आठवं पाऊल लँडिंगवर पडतं. सात गुणिले २५० म्हणजे १.७५ मी. धाव.

आता एकूण लांबी: मधलं लँडिंग १ मी., धाव १.७५, वरचं लँडिंग १ मी. झाले ३.७५ मी. रुंदी: एका बाजूची १ मी., अशा दोन, आणि मधे थोडी फट. म्हणजे साधारण २.१ × ३.७५ मी. ची स्वच्छ जागा, भिंती सोडून. आपल्या ४१ चौरस मीटरातले जवळजवळ आठ गेले. हे मालकाला पहिल्या भेटीत दाखवलं की त्याची तिसऱ्या बेडरूमची मागणी आपोआप मऊ होते.

मधल्या लँडिंगखाली संडास काढायचा मोह सगळ्यांना होतो. लँडिंग आठ उंच्यांवर, म्हणजे जमिनीपासून १.५ मीटरवर आहे. स्लॅबची जाडी वजा करा, सव्वा ते दीड मीटर राहिलं. तिथे माणूस ताठ उभा राहत नाही. नकाशात वरून बघताना ते कळतच नाही, छेद (घर उभं कापून दिसणारं चित्र) काढल्यावर कळतं. त्या जागेत पंप, इन्व्हर्टर, चपला ठेवा. ज्याच्याखालून चालत जायचं त्याची उंची कुठेही २.२ मीटरपेक्षा कमी नको.

नकाशात जिन्यावर बाण काढून ‘वर’ लिहायचं, पायऱ्यांना नंबर घालायचे, आणि तुटक रेघ जिथून जिना डोक्यावर जातो तिथे मारायची. तळमजल्याच्या नकाशात अख्खा जिना ठळक रेघेत दाखवणं चूक आहे. नकाशा म्हणजे फरशीपासून साधारण सव्वा मीटरवर आडवं कापून वरून बघितलेलं घर. त्यावरचं जे असेल ते तुटक रेघेत.

६. पाणी येतं आणि जातं त्या जागा

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे बाहेरगावच्या पुस्तकात नसतं. त्यामुळे हौद आणि वरची टाकी ही इथल्या घराची मूळ गरज आहे. मालकाला विचारा: माणसं किती, पाणी किती दिवसांआड येतं, भाडेकरूचा हौद वेगळा का एकच? हौदाचा आकार त्यावर ठरतो. हौद पुढच्या अंगणात, पाण्याच्या जोडणीच्या बाजूला. ड्रेनेज नसलेल्या भागात सेप्टिक टँक मागच्या बाजूला, हौदापासून जितकं दूर जमेल तितकं. दोन्ही साइट प्लॅनवर दाखवा. नुसतं चौकोन काढून सोडू नका, मापं लिहा. वरची टाकी भिंतींवर किंवा खांबांवर यायला हवी, म्हणून ती तळमजल्याच्या नकाशावर तुटक रेघेत टाकून बघा.

काळ्या मातीच्या जागेत शोषखड्डा पायाला चिकटवू नका. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ४५० मि.मी. उंच ठेवा, आणि रस्ता दर डांबरीकरणात वर येतो हेही धरा.

बाथरूम आणि संडास एकत्र असेल तर किमान २.८ चौ.मी. आणि रुंदी १.२ मी. इथले गवंडी ‘चार बाय सात’ म्हणतात. ते २.६० होतं, चार बाय आठ घेतलं की २.९७. वरच्या मजल्याचा संडास खालच्या संडासावरच घ्या. खालच्या देवघरावर किंवा ओट्यावर आला तर नियम आडवे येवोत न येवोत, मालकाची आई नकाशा फाडेल.

त्यावरून आठवलं. वास्तुशास्त्राचं पहिल्याच भेटीत विचारून घ्या. तुमचा विश्वास असो वा नसो, अर्धा नकाशा झाल्यावर ‘स्वयंपाकघर आग्नेयेला पाहिजे’ असं कळण्यापेक्षा ते बरं.

७. आता खोल्या

एकच राहती खोली असेल तर ती किमान ९.५ चौ.मी. आणि २.४ मी. रुंद. दोन असतील तर एक तेवढी आणि दुसरी किमान ७.५ चौ.मी. आणि २.१ मी. रुंद. स्वयंपाकघर किमान ५ चौ.मी., रुंदी १.८ मी. तिथेच जेवायला बसणार असतील तर ७.५.

‘दहा बाय दहा’ची खोली किती होते माहीत आहे? ९.२९ चौ.मी. पहिली खोली म्हणून ती नापास. सहा इंच एका बाजूला वाढवलं की ९.७५ होते आणि प्रश्न मिटतो. फुटांत विचार करणारा मालक आणि मीटरमध्ये मोजणारं कार्यालय यांच्यामधले हे सहा इंच सांभाळायचं काम ड्राफ्ट्समनचं. मापं भिंतीच्या आतून आतपर्यंत मोजायची, आणि बरोब्बर किमान आकड्यावर कधीच थांबायचं नाही. प्लास्टर आणि टाइल मिळून जागेवर दोन्हीकडून दोन-दोन सेंटिमीटर सहज जातात.

८. खिडक्या आणि पश्चिमेचं ऊन

उष्ण-कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश उघडी जागा संहितेला पुरते. मी एक षष्ठांश धरून चालतो, म्हणजे कुठल्याच तक्त्यात अडकत नाही. ३.० × ३.६ मी. च्या बेडरूमला १.८ चौ.मी., म्हणजे १.५ × १.२ ची एक खिडकी. खिडकी बाहेरच्या मोकळ्या हवेत उघडली पाहिजे, पॅसेजमध्ये उघडणारी मोजत नाहीत.

एप्रिल-मे मध्ये सोलापूरची पश्चिमेची भिंत रात्री दहालाही हाताला गरम लागते. त्या बाजूला जिना, बाथरूम, कपाटं घ्या. बेडरूम तिकडेच येत असेल तर खिडकी लहान आणि छज्जा पूर्ण ०.७५ मी. चा. जुन्या धाब्याच्या घरांत जाड भिंती आणि लहान झरोके का होते हे तिथे एक दुपार बसलं की कळतं.

९. खांब

किल्लारीचा १९९३ चा भूकंप इथल्या लोकांच्या आठवणीत आहे, तरी खांब ‘भिंतीत लपवा’ ही मागणी सुटत नाही. आय.एस. १३९२० या भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत खांबाची लहान बाजू किमान ३०० मि.मी. सांगितली आहे. नऊ इंची भिंतीत तो ७० मि.मी. बाहेर येणारच. तो आत येऊ द्यायचा का बाहेर, हे नकाशा काढतानाच ठरवा. आत आला तर कपाटाचं माप चुकतं, बाहेर गेला तर सामासिक अंतर कमी होतं. आकार आणि जागा स्ट्रक्चरल इंजिनीअर ठरवेल. तुम्ही फक्त दाराच्या चौकटीत खांब येत नाही ना, आणि वरच्या मजल्याचा खांब खालच्यावरच बसतो ना, हे बघा.

१०. शीट मांडणं

इमारतीचा नकाशा १:१०० प्रमाणात, साइट प्लॅन १:५००, स्थळदर्शक नकाशा १:४०००. क्षेत्रफळाचं विवरण उजवीकडे वर. उत्तर दिशा प्रत्येक प्लॅनवर, आणि सगळीकडे एकाच बाजूला. मापं मीटरमध्ये, दोन दशांश. रंग ठरलेले आहेत: प्लॉटची हद्द जाड काळी, रस्ता हिरवा, प्रस्तावित काम लाल, पाडायचं काम पिवळ्या रेघांनी, ड्रेनेज लाल तुटक, पाण्याची लाइन काळी तुटक.

छेद कुठून घ्यायचा? जिन्यातून आणि बाथरूममधून जाईल असा. सोपं पडतं म्हणून हॉलमधून छेद घेणारे पुष्कळ असतात. असा छेद काही सांगत नाही आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळतं.

दारं-खिडक्यांचा तक्ता करा: मुख्य दार १.०५ × २.१०, खोलीचं ०.९०, बाथरूमचं ०.७५. दार कुठे उघडतं तो चाप काढा आणि बघा: बाथरूमचं दार कमोडला अडतंय का, दोन दारं एकमेकांवर आदळतायत का.

११. ऑनलाइन दाखल करण्याआधी

नकाशा संगणकप्रणालीतून तपासला जातो. तिथे तुमचा सुंदर हॅच कोणी बघत नाही. प्लॉटची हद्द, पी-लाइन, सामासिक अंतर, पार्किंग, प्रत्येक गोष्ट ठरलेल्या लेयरवर आणि बंद पॉलिलाइनमध्ये, म्हणजे टोकं जुळलेल्या सलग रेघेत, लागते. एक टोक अर्धा मिलिमीटर उघडं राहिलं की क्षेत्रफळ शून्य येतं. फाइलचं एकक मीटर ठेवा. इंचात काढून शेवटी स्केल केलेल्या फाइली तिथे हमखास अडकतात. क्षेत्रफळाच्या विवरणातले आकडे टाइप करण्याआधी पॉलिलाइनवरून पुन्हा मोजा.

१५० चौ.मी. पर्यंतच्या प्लॉटवरचं घर कमी जोखमीच्या श्रेणीत येतं आणि १५० ते ३०० पुढच्या श्रेणीत. लहान प्लॉटला प्रक्रिया सोपी आहे, कारण जबाबदारी सही करणाऱ्यावर टाकली आहे. त्यामुळे आपला तीस बाय चाळीसचा नकाशा कोणी बारकाईने बघणार नाही असं समजून ढिलाई केलीत तर अडचणीत साहेब येतात.

मंजुरी आली तरी फाइल बंद करू नका. मंजूर प्रत, ऑटोकॅडची तीच आवृत्ती आणि जागेवरची मोजमाप वही एका फोल्डरमध्ये ठेवा. जोतं झालं की तपासणी असते आणि तेव्हा हीच मापं पुन्हा लागतात. मालक मधल्या काळात गवंड्याला सांगून गॅलरी दीड फूट पुढे घेतो. अधूनमधून जागेवर चक्कर मारा, आणि बदल दिसला तर जोत्याच्या टप्प्यावरच सुधारित नकाशा करायला सांगा. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी तो करायला गेलं तर स्लॅब पडलेला असतो.